पाठ वाचणाऱ्या बाई

बाईंना नावाने हाक मारणारी माणसं शहरात फार थोडी होती. नदीच्या दोन्ही काठांवरच्या लोकांना त्यांचा चेहरा ठाऊक नव्हता, आवाज मात्र पाठ होता. फेरीबोटींच्या धक्क्यावर एक काचेची केबिन होती, तिच्यात एक माइक होता, आणि त्या माइकमागे बसून बाईंनी सगळी नोकरी काढली. कोणती बोट वेळेवर सुटणार, कोणती रखडली, कुणाचा डबा बाकावर राहिला, कुणाचं पोर आईचं बोट सोडून तिकीटघरापाशी रडत उभं आहे, हे सगळं लोकांना बाईंच्या तोंडून कळायचं. लोक त्यांना धक्क्यावरच्या बाई म्हणत.

आवाज गाणाऱ्या गळ्यासारखा गोड होता असं नाही. पण त्यात घाई नव्हती. बोट सुटायला आली तरी बाई अशा सांगत, की धावत येणाऱ्याला वाटे, आपल्याला घेतल्याशिवाय ती काही जायची नाही. एका हिवाळ्यात नदीवर असं दाट धुकं उतरलं की हाताला हात दिसेना, आणि धक्क्याचा भोंगा नेमका त्याच सकाळी बसला. तेव्हा बाई माइक पुढे ओढून नुसत्या बोलत राहिल्या. काय बोलल्या, तर काहीही. आज धक्क्यावर कोण कोण आलंय, चहाच्या टपरीवर कसली झुंबड आहे, बोटीच्या सारंगांनी काल कोणता सदरा घातला होता. त्या बोलण्याच्या अनुरोधाने पलीकडून निघालेली बोट कापसातून वाट काढत आली आणि धक्क्याला अलगद टेकली. बोट चालवणारा म्हातारा सारंग उतरून केबिनपाशी आला आणि म्हणाला, "बाई, तो सदरा परवाचा."

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, फुलं मिळाली. "आता आराम करा," असं जो तो म्हणाला. बाईंच्या जागेवर मात्र कुणी माणूस आलं नाही. संगणकातला आवाज आला. तो खोकत नव्हता, रजा मागत नव्हता, चुकत नव्हता. "कानामागून आला आणि तिखट झाला," असं बाईंच्या यजमानांनी म्हणून पाहिलं, पण बाई हसल्या नाहीत. घर धक्क्यापासून जवळ होतं. वारा तिकडचा असला की तो नवा आवाज खिडकीतून आत येई. सुरुवातीला बाई उठून खिडकी लावून घेत. पुढे पुढे उठायचाही कंटाळा येऊ लागला, तेव्हा खिडकी उघडीच राहू लागली.

ते दिवस कसे गेले हे बाईंना पुढे कधी नीट सांगता आलं नाही. पाण्याखालून वरचं जग दिसावं, तसं सगळं दिसे. माणसं येत, ओठ हलवत, निघून जात. पुढ्यातल्या चहावर साय धरे. दुपारी उन्हाचा एक चौकोन भिंतीवरून सरकत सरकत कपाटाकडे जाई. बाई त्याच्याकडे बघत बसत, आणि तो कपाटावर चढला की दिवस सरला असं धरून चालत. पूर्वी त्या स्वयंपाक करताना पातेल्याशीसुद्धा गप्पा मारत. आता 'हं' आणि 'नको' एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा संसार चालला होता. कुणी विचारलंच तर म्हणत, थकवा आहे, वय झालं.

यजमान शिंपी होते. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागे घर. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं गिऱ्हाइकांना कळत नसे आणि उरलेलं निम्मं चेष्टेचं असे. बायको गप्प झालेली त्यांना दिसत होती. पण शिंप्याला कापडाचा दोष पटकन दिसतो, माणसाचा दिसत नाही. सवय होईल तिला, असं मनाशी म्हणून ते मशीन चालवत राहिले.

अशातच एक दिवस बाईंची भाची घरी आली. ही बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या कॉलेजात ती ध्वनिमुद्रणाचं काम करायची. गळ्यात कायम हेडफोन अडकवलेला, दागिन्यासारखा. तिने पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, मला तुझा आवाज पाहिजे."

"कशाला?"

"आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी एक ऑनलाइन कोर्स सुरू होतोय. मनाच्या आरोग्याचा. मुलं आपापल्या खोलीत बसून फोनवर पाठ ऐकणार. ताण कशाने येतो, झोप का उडते, मित्र गप्प गप्प राहायला लागला तर काय करायचं, मदत मागायची असेल तर कुणाकडे जायचं. लिहिलंय आमच्या डॉक्टरांनी, मानसोपचारतज्ज्ञ आहेत कॉलेजचे. माणूस सोन्यासारखा आहे, आवाज तेवढा रागावल्यासारखा खरखरीत. त्यांनी पहिला पाठ स्वतः वाचला आणि एका मुलीने खाली लिहिलं, 'सर, माझं काय चुकलं?'"

टाचण्या तोंडात असूनही यजमान हसले. बाई हसल्या नाहीत, पण 'नको'ही म्हणाल्या नाहीत. भाचीने तेवढंच पुरेसं मानलं.

ध्वनिमुद्रणाची खोली कॉलेजच्या तळमजल्यावर होती. पूर्वी तिथे प्रयोगशाळेचं सामान ठेवत. कपाटं हलवली तरी कसल्याशा औषधाचा वास भिंतींत मुरून राहिला होता. आता भिंतींना जाड गोधड्यांसारखे पडदे लावलेले होते, खाली गालिचा, मध्ये एक टेबल, टेबलावर माइक आणि हिरव्या काचेचा दिवा. दार लागलं की बाहेरचं सगळं जग कुणीतरी बोळा कोंबून बंद केल्यासारखं वाटे. एका भिंतीत काचेची खिडकी होती. तिच्या पलीकडच्या खोलीत भाची आणि डॉक्टर बसत. डॉक्टर चाळिशीचे, उंच, जरा वाकून चालणारे. आवाज खरंच वाळल्या पानांवरून सायकल न्यावी तसा होता.

पहिल्या दिवशी बाईंनी पहिलं वाक्य वाचलं आणि त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. कितीतरी दिवस घडी घालून ठेवलेलं लुगडं बाहेर काढावं, तशा त्याच्यावर रेघा उमटल्या होत्या. त्यांनी पाणी घेतलं आणि पुन्हा वाचलं. हळूहळू रेघा गेल्या. घरी परतताना त्या चालत आल्या आणि वाटेत त्यांना एक झाड दिसलं. झाड तिथे पूर्वीपासून होतं.

मग आठवड्यातून दोनदा त्या जाऊ लागल्या. वाचायच्या तेवढा वेळ बरं वाटे. दार उघडून बाहेर आलं की पुन्हा तेच पाणी डोक्यावरून वाहू लागे. हे कुणाला सांगण्यासारखं आहे असं काही त्यांना वाटलं नाही.

झोपेच्या पाठाची गंमत झाली ती याच सुमारास. डॉक्टरांना त्यांच्या संगणकावर दिसायचं, कुणी कोणता पाठ कुठवर ऐकला. बाकीचे पाठ मुलं शेवटपर्यंत ऐकत होती. झोपेचा पाठ मात्र कुणी पुरा करीना. त्या पाठात मुलांना डोळे मिटायला सांगून, एका संथ तळ्याच्या काठी आपण पडलो आहोत अशी कल्पना करायला सांगितलं होतं. पाणी काठाशी येतं, परत जातं. खांदे सैल सोडा. जबडा सैल सोडा. पाणी येतं, परत जातं. तिथवर सगळी मुलं असायची आणि तिथून पुढे कुणीच नसायचं.

डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. "सगळी एकाच वळणावर गळतायत. काहीतरी लिहिण्यातच चुकलंय माझं."

"गळत नाहीयेत हो," भाची म्हणाली. "घोरतायत."

तिने मुलांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. एकाने लिहिलं होतं, "तळ्यापर्यंत आठवतंय, पुढचं आठवत नाही." एकीने लिहिलं होतं, "पाठ बसमध्ये ऐकला. बस डेपोत गेली." आणि एकाने अगदी नम्रपणे कळवलं होतं, "सर, परीक्षेपासून मला धड झोप लागत नव्हती. आपला पाठ मी रोज लावतो, पण अजून एकदाही पूर्ण ऐकू शकलेलो नाही. कृपया गुण कापू नयेत."

डॉक्टर मोठ्याने हसले, आणि त्या पाठाच्या शेवटी ठेवलेली प्रश्नावली त्यांनी त्याच दिवशी काढून टाकली. बाईंनी हे घरी सांगितलं तेव्हा यजमान म्हणाले, "मला विचारायचं होतं त्यांनी. मी लग्नापासून झोपतोय त्या आवाजावर." बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. यजमानांनी तो पाहिला आणि हातातली कात्री उगाचच खाली ठेवली.

पण बाईंना स्वतःला झोप येत नव्हती. पहाट व्हायच्या आत डोळे उघडत आणि छातीवर कुणी ओली वाळू टाकल्यासारखं वाटे. शहरभरच्या पोरांना निजवणारी बाई स्वतः छताकडे बघत पडून राही.

आणि मग तो पाठ आला.

पाठाचं नाव होतं 'उदासी आणि नैराश्य'. बाई नेहमीप्रमाणे आधी वाचून न बघताच बसल्या. नव्या कोऱ्या मजकुराला आवाज आपोआप जागा राहतो, असं त्यांचं जुनं मत होतं. हिरवा दिवा लागला. भाचीने काचेपलीकडून बोट वर केलं. बाई वाचू लागल्या.

"वाईट वाटणं हा आजार नाही. ते येतं आणि जातं. पण कधी कधी ते जात नाही. आठवडेच्या आठवडे आवडत्या गोष्टींतही मन लागत नाही. चव लागत नाही. पहाटे जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. माणसांचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं. आपण आळशी झालो, म्हातारे झालो, निरुपयोगी झालो असं वाटू लागतं. तुम्हाला कदाचित वाटेल की हा नुसता थकवा..."

तिथे आवाज थांबला.

भाचीला वाटलं, पान चिकटलं असेल. तिने वाट पाहिली. बाई कागदाकडेच बघत होत्या. खोलीत इतकी शांतता होती की त्यांना स्वतःच्या कानांतलं रक्त ऐकू येत होतं, शंख कानाला लावल्यासारखं. हिरव्या उजेडात अक्षरं तळाशी पडलेल्या खड्यांसारखी हलत होती. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. 'थकवा' हा शब्द बाहेर येईना.

डॉक्टर दार उघडून आत आले. त्यांनी माइक बंद केला, दुसरी खुर्ची ओढली आणि बसले.

बाई कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कुणाचं बघून लिहिलंत?"

"कुणा एकाचं नाही, ताई. पुष्कळांचं आहे."

"मला वाटलं, माझ्या घरात येऊन बसला होतात."

डॉक्टरांनी मान हलवली. बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा रडणाऱ्या माणसाचा नव्हता. भर उन्हात थांबून कुणाला तरी ओळखायचा प्रयत्न करावा, तसा होता.

"म्हणजे याला नाव आहे," त्या म्हणाल्या.

"नाव आहे. उपायही आहे."

"मला वाटत होतं मी अशीच झाले. आता अशीच राहणार."

"तसं वाटणं हेही त्याच्यातच येतं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा तो खरखरीत आवाज त्या दिवशी बाईंना मुळीच खरखरीत वाटला नाही. "मी स्वतः तुम्हाला तपासणार नाही. आपण एकत्र काम करतो, ते बरं नव्हे. माझ्या ओळखीच्या एक डॉक्टरीण आहेत. त्यांच्याकडे जा. आणि घरी कुणाला तरी आजच सांगा."

बाई घरी आल्या तेव्हा यजमान खिडक्यांचे पडदे शिवत होते. घरभर मशीनची घरघर भरून राहिली होती. एरवी त्या दुकानातून सरळ मागे जात. आज कापडाच्या ढिगाशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"अहो, मशीन थांबवा जरा."

यजमानांनी पाय उचलला. चाक आपलं आपण थोडं फिरलं आणि थांबलं. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. बाईंनी सांगितलं. पहाटेचं सांगितलं, ओल्या वाळूचं सांगितलं, भिंतीवरच्या उन्हाचं सांगितलं. कागदावर काय लिहिलं होतं आणि कुठे आवाज थांबला तेही सांगितलं. इतकं त्या निवृत्त झाल्यापासून एकदाही बोलल्या नव्हत्या. यजमान गळ्यातली मापाची फीत बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिले.

"मला वाटलं," शेवटी ते म्हणाले, "तुला माझा कंटाळा आला."

"तो लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आला होता."

ते हसले, आणि फीत गळ्यातून काढून ठेवली. "मी मेला एवढा मोठा शिंपी. हातभर अंतरावर शिवण उसवत होती, आणि मी लोकांचे पडदे शिवत बसलो."

"तुम्हाला कसं कळणार? मलाच कळलं नाही. लोकांना मोठ्याने वाचून दाखवत होते."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," यजमान नाक पुसत म्हणाले.

"पुढचं म्हणू नका."

त्यांनी पुढचं म्हटलं नाही. दुकानाचं दार लवकर लावलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरिणीकडे गेली.

डॉक्टरीण बाईंपेक्षा वयाने बरीच लहान होती, आणि तिच्या टेबलावर एक मांजर झोपलेलं असायचं. ते कुणाचं हे तिलाही माहीत नव्हतं. तिने पुष्कळ प्रश्न विचारले. काही गोळ्या दिल्या, आणि त्या लगेच गुण देणार नाहीत हेही सांगितलं. दर आठवड्याला येऊन बोलायला सांगितलं, रोज सकाळी बाहेर चालायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "चालून काय होणार?" ती म्हणाली, "माहीत नाही. चालून आल्यावर मला सांगा."

बरं होणं हे दार उघडण्यासारखं नव्हतं. भिजलेली गादी उन्हात टाकावी आणि ती किती वाळली ते रोज हात लावून बघावं, तसं ते होतं. काही दिवस पुन्हा ओले निघत. एकदा तर बाईंनी गोळ्याही बंद कराव्यात असं ठरवलं होतं. यजमानांनी समजूत काढली नाही, वाद घातला नाही, नुसते पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभे राहिले, त्यांचा हात दुखेपर्यंत. मग एका सकाळी चालताना बाईंना भाजलेल्या पावाचा वास आला. त्या बेकरीसमोर थांबल्या. वास नाकातून आत गेला आणि कुठेतरी खोल जाऊन पोहोचला. बाईंनी एक गरम पाव घेतला आणि रस्त्यातच, लहान मुलीसारखा, कोपऱ्यापासून कुरतडत खाल्ला. घरी आल्यावर त्यांनी यजमानांना काय झालं ते सांगितलं. यजमान म्हणाले, "आणि माझ्यासाठी?" बाईंच्या ते लक्षातच आलं नव्हतं. त्या हसू लागल्या, आणि थांबेनात.

तो अर्धवट राहिलेला पाठ भाचीने बाजूला ठेवला होता. "दुसऱ्या कुणाकडून वाचून घेते, मावशी," ती म्हणाली.

"का? मी काय मेले?"

"तसं नाही..."

"मग लाव दिवा."

बाईंनी पाठ पहिल्यापासून वाचला. थांबल्या होत्या त्या जागी आवाज किंचित खाली गेला, पण तुटला नाही. "तुम्हाला कदाचित वाटेल की हा नुसता थकवा आहे." मग पुढे, "तसं वाटत असेल तर एका माणसाला सांगा. आजच सांगा." काचेपलीकडे डॉक्टर उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

हा पाठ मुलांपर्यंत गेल्यावर प्रश्न येऊ लागले. म्हणून डॉक्टरांनी आठवड्यातून एक तास ठेवला, संध्याकाळचा, उजेड असतानाचा. मुलं आपापल्या फोनवरून जोडली जात. कॅमेरे बंद, नावं बदललेली. स्वतःचं नाव न सांगता विचारता यावं, हाच त्यातला हेतू. कुणी 'उशी' म्हणून येई, कुणी 'तिसरा मजला' म्हणून, कुणी 'उद्यापासून अभ्यास' म्हणून. मुलं प्रश्न लिहीत, बाई ते मोठ्याने वाचत, डॉक्टर उत्तर देत.

अशाच एका संध्याकाळी 'कोरा कागद' नावाने एक ओळ आली. बाईंनी ती वाचली.

"पाठ वाचणारा आवाज खऱ्या माणसाचा आहे की मशीनचा?"

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "खऱ्या माणसाचा आहे. आज सर्दी झालीय, ती ऐकू येत असेल."

संगणकाच्या पडद्यावर हसऱ्या चेहऱ्यांची दोन-चार चिन्हं उमटली. मग पुन्हा तोच कोरा कागद.

"मग तुम्हाला कळतं का, तुम्ही काय वाचता ते? की नुसतं वाचता?"

हा प्रश्न वाचायला बाईंना वेळ लागला. डॉक्टरांनी कागदावर लिहून पुढे सरकवलं, 'मी देतो उत्तर'. बाईंनी मान हलवली.

"आधी नुसतं वाचत होते," त्या म्हणाल्या. "मग एक दिवस वाचता वाचता कळलं की हे माझंच आहे. मला झालं होतं ते. अजून पुरतं गेलेलं नाही. गोळ्या चालू आहेत, बोलायला जाते. पण पूर्वीपेक्षा खूप बरं आहे."

पडद्यावर काही येईना. सगळ्या खोल्या, सगळे मजले, सगळ्या उशा जणू श्वास धरून होत्या. त्या तासापुरता पडदा सरकवलेल्या एका उंच खिडकीतून उन्हाची एक तिरपी पट्टी आत आली होती आणि तिच्यात धुळीचे कण हळूहळू वर जात होते, खाली येत नव्हते. बाईंना वाटलं, आपण सगळे एकाच मोठ्या खोलीत बसलो आहोत आणि कुणाच्याही हातात दिवा नाही, तरी सगळ्यांना सगळे दिसतायत.

मग ओळ आली. "सुरुवात कशी केलीत?"

"नवऱ्याला मशीन थांबवायला सांगितलं. शिंपी आहेत ते. मग सांगितलं त्यांना."

"मला सांगता येत नाही."

"तुझ्याजवळ आत्ता कोण आहे?"

"रूममेट. अभ्यास चालू आहे."

"हाक मार."

"काय सांगायचं?"

"काहीच नको. नुसतं म्हण, माझ्याजवळ जरा बस. पुढचं पुढे बघू. आम्ही इथेच आहोत."

बाई थांबल्या. डॉक्टर खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. एका हाताने ते भाचीला खूण करत होते की या मुलाशी, किंवा मुलीशी, नाव न विचारता याच जोडणीवरून वेगळं बोलता यावं अशी सोय कर. भाचीची बोटं चालली होती. बाईंनी माइक बंद केला नाही. त्या हळूहळू, काहीतरी, बोलत राहिल्या. आज इथे ऊन कसं पडलंय, खोलीत कसला वास येतो, डॉक्टरांचा चष्मा नाकावरून कसा घसरतो. मधेच त्या म्हणाल्या, "ऐकू येतंय ना? काही लिहायला नको. मी बोलते."

शेवटी शब्द उमटले. "हाक मारली. शेजारी येऊन बसलाय."

"शाबास," बाई म्हणाल्या. "आता डॉक्टरांचा फोन येईल. आवाज रागीट वाटेल. मनावर घेऊ नकोस, ते तसे नाहीत."

डॉक्टर फोन घेऊन बाहेर गेले. उरलेला तास बाईंनी आणि भाचीने कसाबसा निभावला. मुलंही फार विचारत नव्हती. एकमेकांनाच काहीबाही लिहीत होती. 'तिसरा मजला' ने 'उशी' ला विचारलं, तू जेवलीस का. 'उद्यापासून अभ्यास' ने लिहिलं, माझ्याही शेजारी कुणीतरी बसा.

पुढे काही दिवसांनी डॉक्टर पाण्याच्या नळापाशी बाईंना भेटले आणि म्हणाले, "कोरा कागद येऊन गेला. दोनदा आला. घरचेही आले." याहून जास्त त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. वऱ्हांड्यातून पोरांचे घोळकेच्या घोळके जात होते. त्यांतला कोण, हे शोधायचा मोह त्यांना झाला, आणि त्यांनी नजर नळाकडे वळवली.

वर्ष संपत आलं. शेवटचा पाठ होता 'मित्राचं कसं ऐकावं'. तो लिहिताना डॉक्टरांनी काही भाग बाईंना विचारून बदलला होता, आणि एका जागी नुसतं कंसात लिहिलं होतं, 'इथे थांबावं'. बाई वाचत वाचत तिथवर आल्या. "समोरचा गप्प झाला तर लगेच बोलू नका. त्याला गप्प राहू द्या. तुम्हीही गप्प राहा."

त्या थांबल्या. भाची काचेपलीकडे बोटावर क्षण मोजू लागली, मग मोजायची थांबली. हेडफोनमधून तिला मावशीचा श्वास ऐकू येत होता, संथ, एकसारखा. कुठेतरी लांब, पडद्यांच्या पलीकडे, कुणीतरी जिना उतरत होतं. बाईंचे डोळे मिटलेले होते. त्यांना डुलकी लागली की काय, असं भाचीला क्षणभर वाटलं. मग बाईंनी डोळे उघडले, पान उलटलं आणि पुढचं वाक्य वाचलं.

पाठ तयार करताना भाचीने खोकला काढला, कागदाची सळसळ काढली. ती मधली शांतता मात्र होती तेवढीच ठेवली.